‘माय फेअर लेडी’ आणि ‘पिग्मॅलियन’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुरू आणि शिष्येच्या प्रेमावरचे सिनेमे पुष्कळ आहेत, पण वाचकांची पत्रं सगळ्यात जास्त येतात ती एलिझा डूलिटल आणि प्रोफेसर हिगिन्स यांच्याबद्दल. त्यातली निम्मी तरी शेवटच्या दृश्यावर असतात, म्हणून इथलीही बरीच जागा त्या दृश्याने घेतली आहे. सिनेमा अजून पाहिला नसेल तर प्रश्न ७ ते १० तूर्त बाजूला ठेवा.

१. गोष्ट काय आहे, थोडक्यात सांगाल का?

लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये एलिझा डूलिटल नावाची गरीब पोरगी फुलं विकते. नाटक सुटल्यावर बाहेर पडणारी श्रीमंत मंडळी हे तिचं गिऱ्हाईक. एका पावसाळी रात्री तिथेच खांबाआड उभा राहून एक माणूस तिचं बोलणं वहीत टिपत असतो. तो हेन्री हिगिन्स, उच्चारशास्त्राचा प्राध्यापक. माणूस कुठल्या गल्लीत वाढला हे त्याच्या बोलण्यावरून सांगणारा. तिथेच भेटलेल्या कर्नल पिकरिंगला तो म्हणतो, की या मुलीचे उच्चार सुधारून मी तिला उमराव घराण्यातली बाई म्हणून मिरवून दाखवीन.

दुसऱ्या दिवशी एलिझा स्वतः त्याच्या दारात हजर होते. तिला रस्त्यावर फुलं विकायची नाहीत, दुकानात नोकरी हवी आहे, आणि तिथे तिच्या बोलीमुळे कुणी उभं करत नाही. पैज लागते, शिकवणी सुरू होते, ती पैज जिंकून देते. खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते, कारण शिकवून झालेल्या मुलीचं पुढे काय, हा विचार शिकवणाऱ्याने केलेलाच नसतो.

२. ‘पिग्मॅलियन’ हे नाव कुठून आलं?

ग्रीक कथेतून. रोमन कवी ओव्हिडने ती सांगितली आहे. सायप्रसमधल्या पिग्मॅलियन नावाच्या शिल्पकाराला जिवंत बायका आवडत नाहीत. तो हस्तिदंताची स्त्री कोरतो, तिच्याच प्रेमात पडतो आणि देवी व्हीनस त्या मूर्तीत प्राण घालते. दोघांचं लग्न होतं.

जॉर्ज बर्नार्ड शॉने १९१२ च्या सुमारास नाटक लिहिताना या कथेतला एक धागा उचलला आणि तोच उलटा फिरवला. त्याची मूर्ती जिवंत झाल्यावर शिल्पकाराला खडे बोल सुनावते. पुराणातल्या मूर्तीला कुणी काही विचारत नाही. एलिझाला बोलता येतं, आणि बोलायला शिल्पकारानेच शिकवलेलं असतं. नाटकाचा जोर इथे आहे.

३. १९३८ चा आणि १९६४ चा सिनेमा एकच का? आधी कुठला पाहू?

गोष्ट एक, सिनेमे दोन. १९३८ चा ‘पिग्मॅलियन’ ब्रिटिश, कृष्णधवल आणि गाण्यांविना आहे. निर्माता गॅब्रिएल पास्कल, दिग्दर्शक अँथनी अस्क्विथ आणि लेस्ली हॉवर्ड. हॉवर्डच हिगिन्स झाला आणि वेंडी हिलर एलिझा. संकलक होता डेव्हिड लीन, जो पुढे स्वतः मोठा दिग्दर्शक झाला. १९६४ चा ‘माय फेअर लेडी’ जॉर्ज क्यूकरचा, वॉर्नर ब्रदर्सचा, रंगीत आणि जवळपास तीन तासांचा. तो ब्रॉडवेवर १९५६ साली आलेल्या संगीत नाटकावरून केलेला आहे. गीतं अॅलन जे लर्नरची, संगीत फ्रेडरिक लोव्हचं.

माझं सांगणं असं की आधी १९३८ चा पाहा. बहुतेक लोक रंगीत सिनेमापासून सुरुवात करतात आणि मग जुना त्यांना फिका वाटतो. पण वेंडी हिलरची एलिझा जास्त भुकेली, जास्त चिडकी आणि जास्त खरी आहे. ऑड्री हेपबर्न पहिल्या तासात मळके कपडे घालूनही ऑड्री हेपबर्नच दिसते.

४. दोघांच्या वयात किती अंतर आहे?

शॉने रंगसूचनेत लिहून ठेवलंय: एलिझा अठरा-वीसची, त्याहून फार मोठी नाही, आणि हिगिन्स चाळिशीच्या आसपासचा. म्हणजे साधारण वीस वर्षांचं अंतर. ती लहान मुलगी नाही, कमावती आणि स्वतःच्या पायांवर उभी असलेली तरुणी आहे.

प्रत्यक्ष नटांचा हिशेब मात्र वेगळाच होत गेला. १९१४ च्या लंडनच्या प्रयोगात एलिझा झालेली मिसेस पॅट्रिक कँपबेल ४९ वर्षांची होती. १९३८ साली वेंडी हिलर २६ आणि हॉवर्ड ४५. ब्रॉडवेवर ज्युली अँड्र्यूज २० आणि रेक्स हॅरिसन ४८. १९६४ च्या सिनेमात ऑड्री ३५, हॅरिसन ५६. यातली हिलर आणि हॉवर्डची जोडी शॉच्या कल्पनेच्या सगळ्यात जवळ जाते.

५. हिगिन्स तिला फुकट शिकवतो का?

तिला फुकट नकोच असतं, आणि हे नेमकं लोकांच्या नजरेतून सुटतं. नाटकात ती त्याच्या घरी येते तेव्हा शिकवणीची फी म्हणून एक शिलिंग देऊ करते. हिगिन्स हसत नाही. खिशातल्या किल्ल्या वाजवत तो हिशेब मांडतो: ही दिवसाला अर्धा क्राउन, म्हणजे अडीच शिलिंग कमावते. त्यातला एक शिलिंग म्हणजे दिवसाच्या कमाईचे दोन पंचमांश. एखाद्या लक्षाधीशाने त्याच्या दिवसाच्या कमाईचा एवढाच हिस्सा द्यायचा म्हटला तर साठेक पौंड होतील. आजवर मिळालेली ही सर्वांत मोठी फी, असं तो म्हणतो. एलिझा घाबरते. तिला वाटतं तो साठ पौंड मागतोय, आणि ती रडायला लागते.

शिक्षक म्हणून हिगिन्स मला सर्वांत मोठा या क्षणी वाटतो. ती फी देणारी विद्यार्थिनी आहे हे त्याच्या डोक्याला पक्कं कळलेलं असतं. पण मग पिकरिंग सगळा खर्च उचलायला तयार होतो, एलिझाचे जुने कपडे जाळायला सांगितले जातात, ती त्याच घरात राहायला येते आणि त्या शिलिंगचा सगळ्यांना विसर पडतो. तिथून पुढे ती पैजेतली वस्तू. पुढची सगळी भांडणं या बदलातून आलेली आहेत.

६. प्रेम नेमकं कुठे दिसतं? मला तर तो तिच्यावर फक्त ओरडताना दिसला.

ओरडतो हे खरंच आहे. तोंडात गोट्या घालून वाक्यं म्हणायला लावतो, ती एक गोटी गिळते तर म्हणतो काळजी नको, माझ्याकडे अजून आहेत. प्रेमाचा शब्द तो एकदाही उच्चारत नाही.

तरी १९६४ च्या सिनेमात दोन जागा बघा. पहिली, मध्यरात्र उलटल्यावरची. सगळे दमलेत, हिगिन्सच्या डोक्यावर बर्फाची पिशवी आहे आणि तो पहिल्यांदाच आवाज खाली आणून तिच्याशी बोलतो. तू जे मिळवायला निघाली आहेस ती इंग्रजी भाषा किती थोर आहे, हे तो तिला समजावतो. त्या आधी तो तिला फक्त हुकूम सोडत होता. लगेच पुढच्या वाक्याला तिचा उच्चार बरोबर येतो आणि तिघे नाचायला लागतात. शिकवणाऱ्याने विश्वासाने बोलल्यावर शिकणाऱ्याचं कुलूप उघडतं, हे शिकवणी घेतलेल्या कुणालाही पटेल. एलिझा त्या रात्री त्याच्यावर भाळते आणि झोपच येत नाही म्हणून गाते.

दुसरी जागा हिगिन्सची. ती घर सोडून गेल्यावर तो रस्त्याने एकटा चालत येतो आणि स्वतःशी कबूल करतो की तिच्या चेहऱ्याची मला सवय झाली. आधी तो फ्रेडीबरोबर, म्हणजे तिच्यावर भाळलेल्या तरुणाबरोबर, तिचे हाल होतील अशी चित्रं मनात रंगवून खूश होतो, मग एकदम गळून जातो. त्याच्यापुरतं हेच प्रेम. तिला ते पुरेसं आहे का, हा प्रश्न सिनेमा तिला विचारायचं टाळतो.

७. शेवटी ती परत का येते? त्यांचं लग्न होतं का?

पडद्यावर लग्न होत नाही. ठरतही नाही. हिगिन्स अंधाऱ्या खोलीत बसून तिच्या पहिल्या दिवसाच्या आवाजाची ध्वनिमुद्रिका ऐकत असतो. एलिझा हळूच येते, यंत्र बंद करते आणि तेच जुनं वाक्य जुन्याच बोलीत स्वतः म्हणते: यायच्या आधी मी हात-तोंड धुतलंय. त्याचा चेहरा क्षणभर उजळतो. मग तो खुर्चीत मागे रेलतो, टोपी डोळ्यांवर ओढतो आणि विचारतो, माझ्या सपाता कुठे आहेत? पडदा.

ती का आली याचं कारण सिनेमा देत नाही. ती आपल्या जुन्या बोलीत बोलते, हे मला महत्त्वाचं वाटतं. दोन्ही भाषा आता तिच्या हातात आहेत आणि कुठली कधी वापरायची हे ती ठरवते. पण त्याच्या उत्तरात तसा काहीच बदल नाही. त्यामुळे हा शेवट मला पटत नाही, तो कितीही देखणा असला तरी. कारण पुढच्या तीन उत्तरांत आहे.

८. शॉला हा शेवट मान्य होता का?

अजिबात नाही. नाटकाच्या अखेरीस एलिझा निघून जाते आणि हिगिन्स ती परत येणारच या खात्रीत उभा राहतो. १९१४ च्या लंडनच्या प्रयोगात हिगिन्स झालेला हर्बर्ट बिअरबोम ट्री पडदा पडताना एलिझाकडे फुलं फेकायला लागला. प्रेक्षक खूश, शॉ संतापला. ट्रीचं म्हणणं होतं की माझ्या शेवटामुळे गल्ला भरतोय. शॉने त्याला सुनावलं की असा शेवट करणाऱ्याला गोळी घातली पाहिजे.

मग १९१६ साली नाटक पुस्तकरूपात आलं तेव्हा शॉने मागे एक लांबलचक गद्य टिपण जोडलं आणि पुढचं सगळं सांगून टाकलं. एलिझा फ्रेडीशी लग्न करते. पिकरिंगच्या पैशावर दोघं फुलांचं दुकान काढतात. दोघांना हिशेब येत नाही, दुकान रखडत चालतं, मग हळूहळू बस्तान बसतं. हिगिन्सशी तिची भांडणं आयुष्यभर चालू राहतात. शॉ तिथे लिहितो की मूर्तीला पिग्मॅलियन कधीच पुरता आवडत नाही, कारण तिच्याशी त्याचं नातं फार देवासारखं असतं.

शॉचा युक्तिवाद रोकडा आहे. एलिझासमोर दोन वाटा: एका माणसाच्या सपाता आयुष्यभर आणून द्यायच्या, नाहीतर फ्रेडीने तिच्या आणून द्याव्यात. ती दुसरी निवडते.

९. मग शेवट बदलला कुणी?

१९३८ च्या सिनेमावाल्यांनी. शॉने पटकथेत शेवटी फ्रेडी आणि एलिझाचं फुलांचं दुकान दाखवलं होतं. पास्कल आणि मंडळींनी ते वापरलं नाही आणि तिला हिगिन्सच्या खोलीत परत आणलं. प्रश्न ७ मधलं दृश्य मुळात त्या सिनेमातलं. लर्नरने ते ब्रॉडवेवर नेलं आणि तिथून ते १९६४ च्या सिनेमात आलं. छापील संगीत नाटकाच्या सुरुवातीलाच लर्नरने शॉची क्षमा मागून म्हटलंय की तो म्हणतो ते बरोबर आहे याची मला खात्री वाटत नाही.

उलट दिशेनेही प्रयत्न झाला आहे. २०१८ साली न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये बार्टलेट शरने हेच संगीत नाटक पुन्हा उभं केलं. संवाद तेच. फक्त सपातांच्या वाक्यानंतर एलिझा वळते, रंगमंचावरून खाली उतरते आणि प्रेक्षकांमधून चालत बाहेर जाते. एक अक्षर न बदलता शॉचा शेवट परत आला. मला तो फार आवडतो.

१०. सपातांचं एवढं काय आहे?

पूर्ण नातं त्यात आहे. एलिझाने पैज जिंकून दिली त्या मेजवानीहून परतल्यावर दोघे पुरुष एकमेकांची पाठ थोपटत असतात. एलिझा कोपऱ्यात उभी, एवढं सगळं करून दाखवलेली, तिच्याशी कुणी शब्दही बोलत नाही. नाटकात हिगिन्स पुटपुटतो की सपाता कुठे गेल्या. एलिझा मुकाट उठते, आत जाते, सपाता आणून त्याच्या पुढ्यात ठेवते. तो खाली बघतो आणि अरे, या इथेच की, असं म्हणतो. जणू त्या आपल्या पायांनी चालत आल्या. थोड्या वेळाने त्याच सपाता ती एकेक करून त्याच्या अंगावर भिरकावते.

शेवटच्या अंकात याच गोष्टीवर हिगिन्स स्वतः बोलतो. पुरुषाच्या सपाता आणून देणारी बाई हे मला किळसवाणं दृश्य वाटतं, मी कधी तुझ्या आणल्या का, तू त्या तोंडावर फेकल्यास तेव्हाच तुझी किंमत माझ्या नजरेत वाढली, असा त्याचा सूर. हे वाचल्यावर सिनेमाचं शेवटचं वाक्य पुन्हा ऐका. ज्या माणसाला तिच्या उठून उभं राहण्याचं कौतुक वाटलं होतं, त्यालाच सिनेमाने पुन्हा सपाता मागायला लावल्या.

११. कर्नल पिकरिंग नसता तर काय बिघडलं असतं?

एलिझा घडलीच नसती, असं ती स्वतः सांगते. पहिल्या दिवशी पिकरिंगने तिला ‘मिस डूलिटल’ म्हटलं आणि आपल्याला स्वतःबद्दल आदर वाटायला तिथून सुरुवात झाली, असं तिचं म्हणणं. तो तिच्यासमोर टोपी काढायचा, दार उघडून धरायचा. हिगिन्सने उच्चार दिले, पिकरिंगने मान दिला. बाई आणि फुलवाली यांतला फरक त्या कशा वागतात यात नसून लोक त्यांच्याशी कसं वागतात यात असतो, हा तिचा निष्कर्ष.

आपल्याकडच्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. पिकरिंग हिंदुस्थानातून आलेला आहे, तिथल्या बोलींचा अभ्यासक आणि बोलल्या जाणाऱ्या संस्कृतवरच्या पुस्तकाचा लेखक. तो हिगिन्सला भेटायला लंडनला आलाय आणि हिगिन्स त्याला भेटायला हिंदुस्थानात निघणार होता.

१२. बापाने पोरगी पाच पौंडांना विकली, हे मी बरोबर ऐकलं का?

बरोबर ऐकलंत. अल्फ्रेड डूलिटल पाच पौंड मागायला येतो. हिगिन्स दहा देऊ करतो तर नको म्हणतो, दहा हातात आले की माणूस जपून वागायला लागतो. पुढे एका अमेरिकन धनाढ्याच्या मृत्युपत्रामुळे त्याला वर्षाकाठी हजारो पौंड मिळायला लागतात आणि प्रतिष्ठित झाल्यामुळे त्याला लग्न करावं लागतं.

१३. हिगिन्स खरा माणूस होता का?

शॉने प्रस्तावनेत ऑक्सफर्डचे उच्चारशास्त्रज्ञ हेन्री स्वीट यांचं नाव घेतलंय. हिगिन्स म्हणजे स्वीट यांचं चित्र नव्हे, पण त्यांच्या छटा आहेत, असं तो म्हणतो. स्वीट विद्वान आणि तितकेच तिखट होते. एलिझाची गोष्ट मात्र त्यांच्या आयुष्यातली नाही.

१४. ‘द रेन इन स्पेन’ हे वाक्य शॉचं का?

मूळ नाटकात ते नाही. १९३८ च्या सिनेमात ते पहिल्यांदा आलं आणि लर्नर-लोव्ह यांनी त्याचं गाणं केलं. मेजवानीतला हिगिन्सचा जुना शिष्य, जो एलिझाचं इंग्रजी ऐकून ती परदेशी राजकन्या असल्याचं छातीठोक सांगतो, तोही त्याच सिनेमासाठी आलेला. त्याचं तर्कशास्त्र ऐकण्यासारखं आहे: इंग्रज माणूस इतकं शुद्ध इंग्रजी बोलतच नाही.

१५. ऑड्री हेपबर्न स्वतः गायली आहे का? आणि ज्युली अँड्र्यूजला का घेतलं नाही?

गाण्यांचा बहुतेक भाग मार्नी निक्सनच्या आवाजात आहे. ‘जस्ट यू वेट’मध्ये ऑड्रीचा स्वतःचा आवाज काही ठिकाणी ऐकू येतो. फ्रेडी झालेल्या जेरेमी ब्रेटलाही दुसऱ्याचा आवाज आहे. हॅरिसन मात्र चित्रीकरणाच्या वेळी थेट गायला, टायमध्ये लपवलेल्या बिनतारी मायक्रोफोनवर. तो गाणी सुरात बोलतो, त्यामुळे आधी मुद्रित करून ओठ हलवणं त्याला जमणारं नव्हतं.

ज्युली अँड्र्यूजने रंगमंचावर एलिझा गाजवली होती, पण तोवर तिने सिनेमा केलेला नव्हता. वॉर्नरने फक्त हक्कांसाठी ५५ लाख डॉलर मोजले होते, त्यांना खात्रीचं नाव हवं होतं. त्याच वर्षी ज्युलीने ‘मेरी पॉपिन्स’ केला.

१६. ऑस्कर किती मिळाले?

१२ नामांकनं, ८ ऑस्कर. त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक क्यूकर आणि अभिनेता हॅरिसन. ऑड्रीला नामांकनही नाही, आणि अभिनेत्रीचं ऑस्कर ‘मेरी पॉपिन्स’साठी ज्युली अँड्र्यूजला गेलं. १९३८ च्या सिनेमाच्या पटकथेसाठी शॉला सहलेखकांसह ऑस्कर मिळालं. १९२५ चं साहित्याचं नोबेल त्याच्याकडे होतंच. दोन्ही मिळालेला तो पहिला माणूस.

१७. ‘ती फुलराणी’ म्हणजे ‘माय फेअर लेडी’चं भाषांतर का?

पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली रंगमंचावर आणलेली ‘ती फुलराणी’ हे शॉच्या ‘पिग्मॅलियन’चं मराठी रूपांतर आहे. हिगिन्सचा प्रा. अशोक जहागीरदार झाला, एलिझाची मंजुळा. भक्ती बर्वे आणि सतीश दुभाषी यांनी त्या भूमिका केल्या. मंजुळा म्हटलं की आजही भक्ती बर्वेच डोळ्यांसमोर येतात.

पण तुमच्या प्रश्नात तथ्य आहे. ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’ हे स्वगत शॉच्या नाटकात नाही. त्याचं जवळचं नातं ‘जस्ट यू वेट’ या गाण्याशी लागतं, जिथे एलिझा एकटी असताना हिगिन्सचा सूड घ्यायची स्वप्नं बघते. मराठीत ते इतकं आपलं होऊन गेलं की स्नेहसंमेलनांत पोरी ते स्वतंत्रपणे म्हणतात, आणि पुष्कळ जणींना मूळ इंग्रजी गोष्ट ठाऊकही नसते.

१८. ‘मन पसंद’ आणि २०२३ चा ‘फुलराणी’ यांत गोष्ट तीच आहे का?

सांगाडा तोच. ‘मन पसंद’ (१९८०) बासू चटर्जींचा. देव आनंद गुरू, टीना मुनीम रेल्वेत दातून विकणारी मुलगी, पिकरिंगच्या जागी गिरीश कर्नाड. इथे शिकवणी गाण्याची आहे. ‘फुलराणी’त सुबोध भावे आणि प्रियदर्शिनी इंदलकर, आणि शिकवणी सौंदर्यस्पर्धेची. दोन्हींत उच्चार मागे पडले आणि देखणेपण पुढे आलं, त्यामुळे मूळ गोष्टीतली धार कमी झाली असं मला वाटतं.

१९. माझी बोली गावाकडची आहे. हा सिनेमा बोलीला कमी लेखतो का?

हिगिन्स लेखतो, आणि फार वाईट शब्दांत लेखतो. शॉ तसं करतो असं मला वाटत नाही. पुरावा म्हणून १९६४ च्या सिनेमातलं घोड्यांच्या शर्यतीचं दृश्य घ्या (नाटकात हाच प्रसंग हिगिन्सच्या आईच्या दिवाणखान्यात घडतो). एलिझाला दोनच विषय बोलायची परवानगी आहे: हवामान आणि तब्येत. ती तब्येतीवरून मावशीच्या मरणावर येते आणि अगदी निर्दोष उच्चारांत सांगते की मावशी इन्फ्लुएंझाने गेली म्हणतात, पण मला वाटतं तिला घरच्यांनीच संपवलं. तिच्या तोंडात दारू ओतत होते म्हणे, पण दारू तर तिला आईच्या दुधासारखी होती. उच्चार उमरावांचे, मजकूर गल्लीतला. श्रीमंत मंडळी तोंडात बोट घालून ऐकत राहतात आणि त्यांना हे नव्या फॅशनचं बोलणं वाटतं.

उच्चार हा फक्त दरवाजावरचा पहारेकरी आहे, हे शॉने यातून दाखवलंय. आत सोडायचं की नाही हे तो ठरवतो, बोलणाऱ्याच्या अकलेशी त्याचा संबंध नाही. मुंबई-पुण्यात नोकरीच्या मुलाखतीला बसलेल्या वऱ्हाडी किंवा मालवणी मुलांना हा पहारेकरी चांगला ओळखीचा आहे.

२०. गुरू-शिष्येचं प्रेम आज असं दाखवावं का? कॉलेजात जाणाऱ्या मुलीसोबत पाहू का?

पाहा, आणि नंतर बोला. इथे दोघे सज्ञान आहेत, ती कुणा संस्थेची विद्यार्थिनी नाही, आणि तो तिच्या देहाचा गैरफायदा घेत नाही. नाटकात पिकरिंग पहिल्याच दिवशी तसं स्पष्ट विचारतो आणि हिगिन्स सांगतो की शिष्या माझ्यासाठी पवित्र असते. या बाबतीत तो शब्दाला जागतो.

तरी सत्ता एकतर्फी आहे. छप्पर त्याचं, कपडे त्याचे, पैज त्याची. पैज जिंकल्यावर एलिझा विचारते की आता माझं काय होणार, तर तो सुचवतो की माझी आई तुला एखादा नवरा शोधून देईल. ती म्हणते मी फुलं विकत होते, स्वतःला विकत नव्हते. १९६४ च्या सिनेमात ती पहाटे कॉव्हेंट गार्डनला परत जाते. जुने सोबती शेकोटीभोवती बसलेत. त्यांच्यातला एक जण तिला बाईसाहेब समजून अदबीने बोलतो, तिला कुणी ओळखत नाही. मागचं घर बंद झालंय आणि पुढचं दुसऱ्याच्या मर्जीवर आहे. मुलीशी बोलायचं ते या दृश्यावर बोला. अशा अवस्थेत असलेल्या मुलीचा होकार किती मोकळा असतो, हा प्रश्न तिच्यासमोर ठेवण्यासारखा आहे. शॉ तिला आधी दुकान देतो आणि मग हिगिन्सशी बरोबरीने भांडू देतो, त्यामागेही मला हाच विचार दिसतो.

२१. नाटक वाचायचं आहे. कुठली आवृत्ती घेऊ?

दोन पाठ चालू आहेत. १९१६ चा, रंगमंचासाठीचा. आणि १९४१ चा, ज्यात सिनेमासाठी लिहिलेला मेजवानीचा प्रसंग आणि तो जुना शिष्य (प्रश्न १४) सामील केलेला आहे. गद्य टिपण (प्रश्न ८) दोन्हींत असतं, पण स्वस्त आवृत्त्यांतून कधी गाळलेलं असतं, तेवढं चाळून घ्या.

शेवटची पानंही वेगळी आहेत. दोन्हींत हिगिन्स जाता जाता तिला हुकूम सोडतो: येताना हॅम आण, चीज आण, मला हातमोजे आणि टाय आण. १९४१ च्या पाठात ती त्याच्या हुकमांतल्या चुका दाखवते, माझ्यावाचून तुमचं कसं होणार कुणास ठाऊक म्हणते, आणि शेवटी हिगिन्स ती फ्रेडीशी लग्न करणार म्हणून खो खो हसतो. १९१६ च्या पाठात ती फक्त ‘तुमचं तुम्ही आणा’ असं सांगून निघून जाते. पहिल्यांदा वाचणार असाल तर १९१६ चा घ्या.